संघ बदलणे म्हणजे गद्दारी काय? पुण्याच्या प्रेक्षकाचा एक इतिहास

१/ २१ मे २०१७. हैदराबादला आयपीएलचा अंतिम सामना. शेवटच्या चेंडूवर पुण्याला चार धावा हव्या होत्या. दोन पळून झाल्या, तिसरीसाठी धावताना गडी बाद झाला. मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने हरलेला तो संघ त्यानंतर पुन्हा कधीही मैदानात उतरला नाही.

२/ बिबवेवाडीतील आमच्या घरी त्या रात्री तीन पिढ्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. मी सतरा वर्षांची, पुण्याची. बाबा २००८ पासून मुंबईचे. आणि आजोबा दोघांचेही नव्हते. ते महाराष्ट्राचे, म्हणजे रणजी करंडकात ‘महाराष्ट्र’ या नावाने खेळणाऱ्या संघाचे, आणि त्यांच्या हिशेबी मुंबई हा जन्माचा प्रतिस्पर्धी. बाबांचा संघ जिंकला, पण त्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि टीव्ही बंद केला. करंडक देण्याचा समारंभ आम्ही पाहिलाच नाही.

३/ आज मी आयपीएलमध्ये चेन्नईच्या बाजूने असते. पदव्युत्तर वर्गातील मित्रमैत्रिणी मला यावरून ‘गद्दार’ म्हणतात. थट्टेनेच म्हणतात, पण गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की थट्टेतही तो टोचतो. म्हणून आजचा धागा त्यावरच. खरा चाहता आयुष्यभर एकाच संघाचा असतो, ही समजूत इतिहासात कितपत टिकते? माझे मत आधीच सांगून टाकते: फारशी टिकत नाही. आणि ज्यांनी ती आपल्यावर लादली, त्यांनी स्वतः ती कधी पाळलेली नाही.

४/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवली जाते: सतराव्या शतकातील माणसाला एकविसाव्या शतकाच्या तराजूत घालू नये. शहाजीराजांचेच पाहा. निजामशाही, आदिलशाही, पुन्हा निजामशाही, १६३० मध्ये मोगल, मग निजामशाहीचा वारस गादीवर बसवून स्वतःच कारभार, आणि १६३६ नंतर पुन्हा आदिलशाही. ‘एकच संघ’ या नियमाने मोजायचे तर काय उत्तर येईल? पण कोणताही जाणकार असे मोजत नाही. दरबार बदलत राहिले. पुणे-सुपे परगण्याशी असलेला संबंध मात्र राहिला. त्या काळी चाकरी एक गोष्ट होती आणि जमिनीशी असलेले नाते दुसरी.

५/ तुलना फार मोठी झाली, हे मान्य. क्रिकेट पाहणारी मुलगी आणि सतराव्या शतकातील सरदार यांना एका ओळीत बसवणे हास्यास्पदच आहे. खरे तर प्रेक्षकाची जागा सरदाराची नाहीच, रयतेची आहे. सरदार दरबार बदलतो. रयत तिथेच असते, तिच्यावरून सैन्ये येतात आणि जातात. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, तेव्हा इथल्या कुणब्याला त्याची निष्ठा कोणाकडे आहे हे कोणी विचारले नव्हते. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

६/ आता क्रिकेटकडे. भारतात संघाशी बांधले जाण्याची सवय प्रेक्षकाला प्रथम लागली ती शहरावरून नव्हे, धर्मावरून. १८९० च्या दशकात युरोपीय विरुद्ध पारशी असे सामने सुरू झाले. ते मुंबईबरोबर पुण्यातही होत. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ, म्हणून चौरंगी. १९३७ मध्ये ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेसुरले, यांचा पाचवा संघ, म्हणून पंचरंगी. या स्पर्धेत संघ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही कोणत्या घरात जन्मलात यावरून तुमचा संघ ठरे. ‘जन्मजात निष्ठा’ या शब्दप्रयोगाचा इतका शब्दशः अर्थ दुसरीकडे क्वचितच सापडेल.

७/ आणि या जन्मजात निष्ठेने काय केले ते पुण्यातच पाहावे. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या युरोपीय जिमखान्यावर ते मैदानाची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यांची डावखुरी फिरकी पाहून हिंदू संघाला त्यांना घ्यावे लागले. मैदानावर ते संघाचे; चहाच्या वेळी मात्र त्यांचा कप वेगळा आणि जागा पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

८/ १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. आपल्याच संघाकडून खेळण्यास नकार! आजच्या भाषेत याला काय म्हणाल? मला तर त्या नकारातच संघावरचे खरे ममत्व दिसते. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघ सुधारला तो त्याच्याशी मुकाट्याने बांधून घेतलेल्या माणसांमुळे नव्हे, तर ‘असे असेल तर आम्ही नाही’ म्हणणाऱ्यांमुळे.

९/ दुसरे उदाहरण सांगलीचे. विजय हजारे मराठी, जन्माने ख्रिस्ती. म्हणून पंचरंगीत ते ‘उरलेसुरल्यां’चे. १९४३-४४ चा हंगाम पाहा. हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ केल्या. अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या, हिंदू ५ बाद ५८१. उत्तरादाखल दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेक यांचा वाटा २१. संघ तरीही डावाने हरला.

१०/ त्या सामन्याला बसलेल्या सांगली-पुण्याकडच्या हिंदू प्रेक्षकाची मला नेहमी उत्सुकता वाटते. त्याने कोणासाठी टाळी वाजवायची? धर्माने मर्चंटांचा संघ त्याचा. भाषेने आणि गावाने हजारे त्याचे. ‘एकच निष्ठा’ म्हणणाऱ्यांना हा प्रेक्षक कोणत्या खणात बसवता येईल? माणसाच्या निष्ठा एकावर एक रचलेल्या असतात, आणि कधीकधी त्या एकाच दुपारी एकमेकींशी भिडतात. एरवी त्या दिसत नाहीत इतकेच.

११/ डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी अशा धर्मनिहाय सामन्यांना आपली असंमती जाहीर केली. तरी स्पर्धा आणखी काही वर्षे चालली, कारण मैदाने भरत होती. १९४६ नंतर ती बंद झाली. म्हणजे चाळीस वर्षांत घट्ट झालेली लाखो लोकांची ‘आयुष्यभराची’ निष्ठा एके दिवशी निराधार झाली. आणि काय घडले? लोकांनी संघ बदलले. प्रांतांचे, संस्थानांचे, मग देशाचे झाले. कोणीही त्यांना गद्दार म्हटले नाही. उलट ते योग्यच झाले, असे आज आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो.

१२/ इथे आजोबांचा संघ येतो. रणजी करंडकातील महाराष्ट्र म्हणजे पुणे केंद्र असलेला संघ, आणि त्याचा सुवर्णकाळ म्हणजे प्रा. दि. ब. देवधर. एस. पी. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस १९३९-४० मध्ये महाराष्ट्राला पहिले विजेतेपद मिळवून देतो (अंतिम सामना पुण्यातच, संयुक्त प्रांताविरुद्ध) आणि पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन दुसरे. त्या दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढताना त्यांचे वय ४८ होते. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राने रणजी जिंकलेली नाही. १९७०-७१, १९९२-९३, २०१३-१४ असे तीन अंतिम सामने, तिन्हींत पराभव. आजोबांचा जन्म दुसऱ्या विजेतेपदानंतरचा. म्हणजे त्यांनी आपला संघ जिंकलेला कधीच पाहिलेला नाही.

१३/ मार्च १९४९ च्या उपांत्य सामन्याबद्दल ते असे बोलत जणू स्वतः हजर होते. (तेव्हा ते पाळण्यात होते.) पुण्यात मुंबई विरुद्ध महाराष्ट्र: मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, एका प्रथम श्रेणी सामन्यातील विक्रम. चौथ्या डावात सहाशेच्या वर धावा काढून महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. “सहाशे काढून हरलो गं आपण,” असे ते म्हणत तेव्हा त्या ‘आपण’मध्ये त्यांचे वडीलही असत, ज्यांनी तो सामना पाहिला होता. चाहतेपण असे वारशाने येते, हे मला मान्यच आहे. माझा वाद ते वारशाने येण्याशी नाही.

१४/ एक छोटी बाब, जी नव्या वाचकांना नेहमी गोंधळात टाकते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, पण क्रिकेटच्या नकाशाला ते कधी कळलेच नाही. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ: राज्य एक, संघ तीन. नागपूरचा मराठी माणूस २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी जिंकल्याचा आनंद करतो. पुण्याचा माणूस त्या आनंदात सामील होऊ शकतो का? आजोबांचे उत्तर ‘नाही’. माझे ‘का नाही?’

१५/ खेळाडू तर सदैव बदलत आले. हजारे महाराष्ट्राकडून खेळले, मग मध्य भारताकडे आणि तिथून बडोद्याला गेले, कारण बडोदा दरबाराने त्यांना नोकरी दिली. १९४७ च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात गुल महंमद (३१९) आणि हजारे (२८८) यांनी ५७७ धावांची भागी केली ती बडोद्यासाठी, होळकरांच्या संघाविरुद्ध. एकीकडे गायकवाड, दुसरीकडे होळकर. पेशवाईतील दोन घराणी रणजीच्या मैदानावर समोरासमोर. सांगलीच्या माणसाने बडोद्यासाठी इंदूरवाल्यांना झोडपले याचे त्या काळी कोणालाही आश्चर्य वाटले नाही. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. यशस्वी जयस्वालने गोव्याकडे जाण्याची परवानगी मागितली आणि महिन्याभरात ती परत घेतली. खेळाडूने बदलले की ‘कारकीर्द’, प्रेक्षकाने बदलले की ‘गद्दारी’. हा न्याय कोणता?

१६/ आणि होळकरांचा संघ? चार वेळा रणजी जिंकलेला, सी. के. नायडूंचा तो संघ पन्नाशीच्या दशकात संस्थानाच्या मागोमाग नाहीसा झाला. त्याच्या जागी मध्य भारत, मग मध्य प्रदेश. इंदूरच्या प्रेक्षकाने, ज्यांत मराठी घरे पुष्कळ, आपली निष्ठा आपसूक त्या नावांकडे वळवली असणार. दुसरे करणार तरी काय? जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली, तीही मुंबईला हरवून, आणि प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित. इंदूरच्या एखाद्या वृद्ध होळकरप्रेमीला त्या दिवशी काय वाटले असेल याची मी कल्पना करत राहते.

१७/ आता आमच्या पिढीचे दुखणे. मार्च २०१० मध्ये पुण्याच्या संघासाठी सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरची बोली लावली, त्या वेळेपर्यंतची सर्वांत मोठी. पुणे वॉरियर्स. २०११ चा पहिला हंगाम ‘घरच्या’ मैदानावर, म्हणजे नव्या मुंबईत! पुण्यात स्टेडियम तयार नव्हते. आमच्या बिबवेवाडीपासून स्वारगेटचे नेहरू स्टेडियम बसने काही थांब्यांवर. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले ते इथेच, आणि आजोबा-बाबा दोघेही तो सामना पाहून पायी घरी आले होते. नवे स्टेडियम झाले ते गहुंजेला, द्रुतगती मार्गालगत. २०१२ मध्ये तिथे आयपीएलचा पहिला सामना झाला. आमच्याकडून तिथे पोचायचे म्हणजे सारे शहर ओलांडून पिंपरी-चिंचवडच्याही पलीकडे जायचे. शहराचे नाव लावलेला संघ शहरापासून केवढा दूर होता, हे तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या मला कळले नाही. मला फक्त निळा झेंडा हवा होता.

१८/ तीन हंगाम आम्ही तळाशी होतो. २३ एप्रिल २०१३ ला बंगळुरूत ख्रिस गेलने आमच्याविरुद्ध नाबाद १७५ केल्या. शाळेत दुसऱ्या दिवशी मला कोणी बोलू दिले नाही. पण त्या संघाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण दिवस वेगळाच: ५ मे २०१२, कोलकाता. पुण्याचा कर्णधार सौरव गांगुली आपल्याच शहरात पाहुणा म्हणून आला, आणि ईडन गार्डन्स दुभंगले. आपले शहर की आपला माणूस? हजारो बंगाली प्रेक्षक त्या दिवशी ‘पुणे’ म्हणून ओरडत होते. कोलकाता सात धावांनी जिंकले. १९४३ च्या त्या अंतिम सामन्यातील प्रश्न, जो मी वर विचारला, इथे डोळ्यांदेखत उभा होता.

१९/ मे २०१३ मध्ये बँक हमी आणि शुल्काच्या वादातून सहाराने संघ सोडला. ऑक्टोबरात नियामक मंडळाने करार संपुष्टात आणला. मी आठवीत होते. कोणी आम्हाला विचारले नाही, कोणी निरोपाचा सामना ठेवला नाही. निळा झेंडा माळ्यावर गेला.

२०/ मग २०१६. सट्टेबाजी प्रकरणी लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले आणि त्या पोकळीत रायझिंग पुणे सुपरजायंट्स जन्मला. मालक कोलकात्याचे संजीव गोएंका, कर्णधार धोनी, रंग जांभळा. जन्मतःच आयुष्य दोन वर्षांचे, हे सर्वांना ठाऊक होते. आणि तरीही आम्ही त्याला आपला म्हटले. याला भोळेपणा म्हणा.

२१/ त्याच वर्षी दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पुण्याचे ‘घर’ झाले विशाखापट्टणम. आमच्याही नळाला तेव्हा दिवसाआड पाणी येत होते, तरी सोळा वर्षांच्या मला न्यायालयाचा राग आला होता, हे कबूल करते. आज वाटते, त्या निकालाने एक प्रश्न उघडा पाडला: ज्या संघाला गावाच्या तहानेशी देणेघेणे नाही, तो गावाचा कसा? (सामने हलवून लातूरला किती पाणी मिळाले, हाही प्रश्न आहेच. प्रतीकात्मक निर्णय होता, पण प्रतीकेही काही वेळा लागतात.) २१ मे २०१६ ला धोनीने शेवटच्या षटकात २३ धावा काढून सामना जिंकून दिला, तो विशाखापट्टणमच्या त्या ‘घरी’. बरोबर एक वर्षाने हैदराबादची ती रात्र यायची होती.

२२/ २०१७ मध्ये नावातले शेवटचे अनेकवचन गळाले, सुपरजायंट उरला. धोनीला काढून स्मिथ कर्णधार. आणि पुण्यात घडलेला, महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी सलामीला येऊन ईडनवर ५२ चेंडूंत ९३ करून गेला. त्या हंगामात त्याच्या ३९१ धावा झाल्या. संघ प्रथमच खऱ्या अर्थाने आपला वाटला तो या एका खेळाडूमुळे. आजोबासुद्धा त्रिपाठी खेळायला आला की खुर्ची पुढे ओढत. १६ मे ला आम्ही वानखेडेवर मुंबईला हरवले. पाच दिवसांनी एका धावेने हरलो. मग मुदत संपली.

२३/ हे सारे वाचून कोणी म्हणेल, अशा भाड्याच्या संघावर जीव लावलाच कशाला? हा आक्षेप गंभीर आहे आणि बेसबॉलच्या इतिहासाने त्याला उत्तर दिले आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाचा डॉजर्स हा संघ. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून त्याने वर्णभेदाची भिंत पाडली. देशभरातील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे केवळ त्यासाठी या संघाची झाली. (संघ बदलण्याचे याहून सन्माननीय कारण मला सुचत नाही. बाळू-विठ्ठल यांचे नाव इथे पुन्हा आठवावे.) १९५५ मध्ये डॉजर्स ब्रुकलिनमध्ये असतानाचे पहिले आणि शेवटचे विजेतेपद जिंकले. आणि १९५७ चा हंगाम संपताच मालक वॉल्टर ओमॅली संघ घेऊन लॉस एंजेलिसला निघून गेले. शहरातील दुसरा संघ, जायंट्स, त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोला गेला. ब्रुकलिनचे मैदान १९६० मध्ये पाडले गेले.

२४/ ब्रुकलिनच्या चाहत्याने आता काय करावे? सुमारे चार हजार किलोमीटरवर गेलेल्या नावाशी एकनिष्ठ राहावे? शहरात उरलेल्या यांकीजकडे, म्हणजे हाडवैऱ्याकडे जावे? १९६२ मध्ये न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ मिळाला, आणि त्याने निळा रंग डॉजर्सचा घेतला, नारिंगी जायंट्सचा. पोरके झालेले चाहते त्या दोन रंगांखाली गोळा झाले. मेट्सचा पहिला हंगाम भयंकर वाईट गेला आणि तरीही लोक गेले. ते लोक गद्दार होते काय? मी त्यांना सर्वांत निष्ठावान चाहते म्हणेन.

२५/ माझ्या मते इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संघ हरू लागला म्हणून सोडणे वेगळे आणि संघाने आपल्याला सोडणे वेगळे. दर एप्रिलमध्ये गुणतालिकेचा माथा पाहून सदरा बदलणाऱ्यांविषयी मला आदर नाही. तो लपवणारही नाही. पण पुण्याचे आम्ही तसे नाही. आम्ही पाचव्या पोस्टमधील रयत आहोत: दोनदा सैन्य आमच्या गावात तळ ठोकून निघून गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच मालकांनी ७०९० कोटी रुपये मोजून लखनौचा संघ घेतला आणि त्याला नाव दिले सुपर जायंट्स. नावसुद्धा परत नेले! जमाखर्चाच्या वहीत निष्ठेचा रकाना नसतो, याबद्दल मी मालकांवर रागावत नाही. फक्त तो रकाना आमच्याच वहीत सक्तीने भरायला लावू नका.

२६/ आता चेन्नई. एप्रिल २०१८ मध्ये कावेरी प्रश्नावरील आंदोलनामुळे चेन्नईत सामने अशक्य झाले आणि निलंबनातून परतलेला संघ आपले घरचे सामने घेऊन गहुंजेला आला. २० एप्रिलला सुमारे हजार चाहते खास रेल्वेने चेन्नईहून पुण्यास आले. मी त्या दिवशी पिवळ्या गर्दीत उभी होते, मनात जांभळे नसलेपण घेऊन. वॉटसनने शतक ठोकले. आपल्या संघासाठी रात्रभराचा प्रवास करून, परक्या गावी आलेली ती माणसे पाहून हेवा वाटला. त्यांचाही संघ दोन वर्षे गेला होता. पण त्यांचा परत आला.

२७/ त्या दिवशी मी बदलले नाही. पुढची दोन-तीन वर्षे मी कोणाचीच नव्हते, आणि तो काळ फार कंटाळवाणा गेला. तटस्थपणे क्रिकेट पाहणे म्हणजे मिठाशिवाय पिठले. मग ऋतुराज गायकवाड. पुण्याचा मुलगा, महाराष्ट्राकडून खेळणारा, २०२४ मध्ये चेन्नईचा कर्णधार झाला. गांगुलीसाठी ‘पुणे’ ओरडणाऱ्या त्या बंगाली प्रेक्षकाच्या जागी मी येऊन बसले होते, इतकेच. माणूस आपला, झेंडा दुसऱ्याचा.

२८/ बाबांनी यावर घेतलेला आक्षेप मात्र मला अजून खोडता आलेला नाही. ते म्हणाले, “उद्या ऋतुराजला दुसऱ्यांनी घेतलं तर?” मी म्हटले, त्याच्या मागे जाईन. “म्हणजे तू संघाची नाहीस, त्याची आहेस.” असेलही. त्यावर आजोबा हसले आणि म्हणाले, “महाराष्ट्राची आहे ती. तिला अजून कळलं नाही.”

२९/ ते म्हणाले त्यात थोडे तथ्य असावे. गेल्या दोन हिवाळ्यांत मी गहुंजेला रणजीचे सामने पाहायला गेले. तिकीट लागले नाही. एवढ्या थोरल्या स्टेडियममध्ये आम्ही मोजके लोक, काही निवृत्त गृहस्थ डबे घेऊन आलेले, आणि चेंडू बॅटवर लागल्याचा आवाज थेट वरच्या पायऱ्यांपर्यंत. हा संघ १९४१ पासून जिंकलेला नाही आणि पुढल्या वर्षी कोणी तो विकत घेऊन दुसऱ्या शहरी नेणारही नाही. जून २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगही सुरू आहे आणि तिच्यात पुणेरी बाप्पा नावाचा संघ आहे, पण फ्रँचायझी म्हटले की माझा हात अजून आखडतो. दोनदा पोळले आहे.

३०/ आजोबांना यंदा सोबत नेण्याचे ठरवले आहे. अप्पर डेपोवरून निघून दोन बस आणि मग रिक्षा. त्यांच्या गुडघ्यांना झेपेल का, यावर घरात मतभेद आहेत. ते नेहरू स्टेडियमवर सामना असेल तरच येईन म्हणून अडून बसले आहेत.

३१/ तुमच्यापैकी कोणाकडे पुणे वॉरियर्सचे २०१२ चे तिकीट किंवा १९९६ च्या केनिया सामन्याचे काही कात्रण असेल तर छायाचित्र जरूर टाका. माझ्याकडील निळा झेंडा मी खाली जोडते आहे, उंदरांनी कडा कुरतडल्या आहेत. पुढचा धागा पालवणकर विठ्ठल यांच्या १९२३ च्या कर्णधारपदावर.